निरंक अहवाल आणि मधली सुट्टी

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आपल्या खात्याला शाळांकडून जे ढीगभर तक्ते जातात, त्यांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींचाही एक रकाना असतो. तक्रारपेटी बसवली आहे का? होय. समिती स्थापन झाली आहे का? होय. किती तक्रारी आल्या? निरंक. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. असे कागद वर्षानुवर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांवर सही करणारे मुख्याध्यापक काही खोटारडे नव्हते. पेटी उघडली की ती खरोखरच रिकामी असायची. फार तर एखादं चॉकलेटचं वेष्टन निघायचं, नाहीतर 'पीटीचा तास वाढवा' अशी चिठ्ठी.

पेटी रिकामी आहे म्हणून शाळेत छळ नाही, असं मी समजत नाही. आपणही समजू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मी कोणत्या छळाबद्दल बोलते आहे ते आधी सांगते. शिक्षकाने मुलाला मारणं किंवा त्याचा मानसिक छळ करणं याला शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने बंदी आहे. लैंगिक अत्याचारासाठी पॉक्सो कायदा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडकीस आल्यावर शासनाने तातडीने निर्णय काढला: सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या कामाला लावा. ते सगळं हवंच होतं. पण त्यातला बराचसा बंदोबस्त मुलांना मोठ्या माणसांपासून वाचवण्यासाठी आहे. मुलांनीच मुलाला रोज थोडं थोडं सोलून काढणं, हा प्रकार त्यातून निसटतो. मुलाला 'ढापण्या', 'जाड्या', 'बायल्या', 'तोतऱ्या' म्हणून पुकारत राहणं. डबा पळवणं. दप्तर मुताऱ्यांमागे टाकणं. चालता चालता टपली मारणं आणि वळून पाहिलं की सगळ्यांनी आकाशाकडे बघणं. मुलींच्या रांगेत एखादीशी सगळ्यांनी मिळून बोलणं बंद करणं, तिच्याशेजारी बसायची पाळी आली की बाक पुसून घेणं. या शेवटच्या प्रकाराला मोठ्यांच्या जगात वाळीत टाकणं म्हणतात, आणि महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. सातवी ब मध्ये तेच चालतं, तेव्हा आपण म्हणतो, मुलींची कट्टी-बट्टी आहे, होईल दोन दिवसांत ठीक.

मस्करी आणि छळ यांतला फरक मुलांना कळत नाही, असं पालक म्हणतात. मुलांना तो उत्तम कळतो. घोळ होतो तो मोठ्यांचा. डॅन ओल्वेउस या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि नॉर्वेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञाने यासाठी तीन खुणा सांगून ठेवल्या आहेत: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि ज्याला दिला जातो त्याच्या हातात उलट काही करण्याचं बळ नसतं. तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची. दोन सारख्या ताकदीची पोरं मैदानात एकमेकांना बुकलतात ते भांडण. त्यांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावले तर ते मिटतंही. पण जिथे एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला एक आहे, तिथे 'चला, सॉरी म्हणा, हात मिळवा' हा आमचा शिक्षकांचा लाडका उपाय त्या एकट्याला आणखी खोल ढकलतो. पाच जण सॉरी म्हणतात, हात मिळवतात, आणि शाळा सुटल्यावर सायकल स्टँडजवळ त्या सॉरीची वसुली करतात.

ओल्वेउस १९७०च्या दशकापासून या विषयावर लिहीत होते. सरकार जागं झालं ते नंतर. १९८२च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातल्या १० ते १४ वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केली. कारण बहुधा सोबत्यांनी केलेला छळ हेच होतं. बातमीने देश हादरला आणि पुढच्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाने देशभर मोहीम काढली. बर्गन शहरातल्या ४२ शाळांत, सुमारे २,५०० मुलांवर, ओल्वेउस यांनी तिचा परिणाम मोजला. दोन वर्षांत त्रास होत असल्याचं सांगणारी मुलं जवळपास निम्म्यावर आली. नंतर इतर देशांत केलेल्या प्रयोगांना इतकं यश आलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मला त्यांच्या कामातली एक साधी गोष्ट मोठी वाटते. त्यांनी सुरुवात पेटीपासून केली नाही. त्यांनी प्रत्येक मुलाच्या हातात एक प्रश्नावली दिली. नाव लिहायचं नाही. गेल्या काही महिन्यांत तुला किती वेळा त्रास झाला, कुठे झाला, तू कुणाला सांगितलंस, आणि तू स्वतः कुणाला दिलास का. तक्रार येण्याची वाट न पाहता शाळेने जाऊन विचारलं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट आहे. आपली सगळी व्यवस्था तक्रारीवर उभी आहे. तक्रार कुणी करायची? तर ज्याची हिंमत पाच जणांनी मिळून मोडली आहे, त्याने. त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. पेटी असते मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर. तिच्यात चिठ्ठी टाकणारा हात कुणाचा, हे पाच मिनिटांत वर्गभर होतं. घरी सांगावं तर आई म्हणते, 'तू लक्षच देऊ नकोस.' बाबा म्हणतात, 'तूही दोन ठेवून दे.' आजोबा त्यांच्या वेळच्या शाळेतल्या मारामाऱ्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. आणि फार वेळा, अगदी मायेने, 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' हेही ऐकवलं जातं. मूल एकदा सांगून बघतं. दुसऱ्यांदा सांगत नाही.

मग ते काय करतं? सकाळी भरून नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी येते. याकडे फार थोड्या घरांत लक्ष जातं. मूल पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि तिथे ते त्रास देणारे उभे असतात. सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि अकरा वाजता आपोआप थांबतं. कंपास महिन्यात दुसऱ्यांदा 'हरवतो'. आवडीच्या विषयाच्या वहीत पानं कोरी राहू लागतात. डॉक्टर जंताचं औषध देतात.

एक वर्ग मी जवळून पाहिला आहे. सहकाऱ्याच्या आठवीच्या वर्गात काही कामानिमित्त मी मागच्या बाकावर बसले होते. हजेरी चालू होती. एकवीस, हजर. बावीस, हजर. तेवीस नंबर पुकारला आणि मागून कुणीतरी खोकलं. मग डावीकडून एक खोकला, मग मुलींच्या रांगेतून दोन, मग चहूकडून. तेवीस नंबरच्या मुलाचं 'हजर' त्यात बुडून गेलं. सरांनी मान वर न करता पुन्हा विचारलं, 'तेवीस?' त्याला दुसऱ्यांदा, मोठ्याने म्हणावं लागलं. पावसाळ्याचे दिवस होते, खोकल्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मागाहून कळलं, त्या मुलाच्या वडिलांना क्षय झाला होता. आठवीच्या वर्गाला कायद्यानेच वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरवावी लागते. म्हणजे तेवढ्या हजेऱ्या, आणि प्रत्येक हजेरीला हा खोकला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नव्हता, एक वाईट शब्द उच्चारला नव्हता. सीसीटीव्हीत सगळी मुलं शिस्तीत बसलेली दिसली असती. त्याने तक्रारपेटीत काय लिहून टाकायचं? 'वर्ग खोकतो' असं?

दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरी मान वर करून घेतली. खोकल्याची सुरुवात करणारा एकच निघाला. बाकीचे त्याच्याकडे पाहून खोकत होते, आणि त्यातल्या निम्म्यांना नेमकं कशासाठी तेही ठाऊक नव्हतं.

मंत्रिमहोदय, माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. छळणारा आणि छळला जाणारा या दोघांवरच आपण डोळे लावून बसतो. पण हा खेळ चालतो प्रेक्षकांच्या जिवावर. कॅनडात टोरोंटोच्या प्राथमिक शाळांत डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या दोघी संशोधकांनी मुलांच्या अंगावर छोटे वायरलेस मायक्रोफोन लावून आणि लांबून कॅमेऱ्याने मैदानावरचं वागणं टिपलं. छळाच्या दर दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला हजर होती. मध्ये पडणारी मुलं निघाली पाचापैकी एकाच प्रसंगात. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी वर्गातल्या या बाकीच्यांचीही फोड केली आहे. कुणी म्होरक्याचा हस्तक असतो, कुणी नुसतं फिदीफिदी हसून त्याला बळ देतो, कुणी बाजूला सरकतो, कुणी छळल्या जाणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. म्होरक्याला त्या हसण्यातून वर्गात एक वट मिळते. ती मिळायची थांबली, तर त्याला त्या उद्योगात फारसा रस उरत नाही.

म्होरके नेहमी उनाड आणि नापासच असतात, हाही आपला एक गैरसमज आहे. मी पाहिलेल्यांपैकी काही स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालक होते. एक मॉनिटर होती. शिक्षकांसमोर त्यांची जीभ मधात बुडवलेली असे. त्यांना 'आतून दुःखी आहेत बिचारे' म्हणून सोडून देण्यात त्यांचंही भलं नाही. शाळेत सतत दादागिरी करणाऱ्या मुलग्यांचा ओल्वेउस यांनी पुढे माग काढला. त्यांच्यातल्या सुमारे ६० टक्क्यांना चोविसाव्या वर्षापर्यंत एकदा तरी न्यायालयाने दोषी ठरवलेलं होतं. लहानपणी कुणीतरी मनगट धरायला हवं होतं, ते धरलं गेलं नाही.

आता आमच्या खुर्चीकडे येते. कुणावर हसायचं, हे वर्ग बऱ्याचदा शिक्षकाकडून शिकतो. मुलांनी ठेवलेलं टोपणनाव शिक्षकाने एकदा तोंडातून काढलं की त्यावर शिक्का बसतो. फळ्यासमोर उभं करून 'बघा हा आमचा आर्यभट्ट' म्हटलं की मधल्या सुट्टीची सोय होते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत भर वर्गात 'एससी, एसटीवाले हात वर करा' असं विचारणारे शिक्षक आजही आहेत. ते वाईट माणसं नसतात, अर्जाची मुदत संपत आलेली असते. पण ज्या मुलाने आजवर आडनावापलीकडे काही उघड केलेलं नव्हतं, त्याची ओळख त्या क्षणी साठ जोड डोळ्यांसमोर उलगडली जाते. खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के आरक्षणातून आलेल्या मुलांसाठीचं 'आरटीईवाले' हे नाव बाकीच्या मुलांनी आधी ऐकलं ते बहुधा कार्यालयातूनच. ऊसतोडीहून परतलेली, पालावरून आलेली, घरी वेगळी बोली बोलणारी मुलं वर्गात येतात तेव्हा त्यांच्यासाठी चेष्टेचा मजकूर तयारच असतो.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं, म्हणून आपलं राज्य २०१७पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या मुलाला वर्गात स्वतःच्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. ते गोणपाट रोज घरी परत न्यावं लागे, आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा वेगळं बसवणं हा शाळेचा नियम होता. आज तसा नियम नाही. पण काही वर्गांत एखाद्या मुलाचा डबा बाकीचे वेगळ्या नजरेने बघतात, आणि तो मुलगा जिन्याखाली जाऊन जेवतो. विद्यार्थी दिवसाला भाषणं होतात, निबंध होतात. त्या दिवशी जिन्याखाली कोण जेवलं, ते बघायला कुणाला सांगितलेलं नसतं.

कायद्यांची गंमत अशी की एक पुरेसा नाही आणि दुसरा पेलवत नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यास पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संस्थेत प्रवेश नाही. कॉलेजचं वसतिगृह डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. बारा वर्षांच्या पोराला तो लावणार कसा? मग शाळा आपला जुना मार्ग धरते: पालकांना बोलवायचं आणि म्होरक्याचा दाखला हातात ठेवायचा. पण शिक्षण हक्क कायद्याचं १६वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. बरं, काढून तरी काय साधतं? तो शेजारच्या शाळेत जाऊन नवा गडी शोधतो. बहुतेक वेळा होतं ते याहून वाईट. ज्याचा छळ झाला, त्याचेच आईवडील थकून दाखला काढून नेतात, आणि शाळा सुटकेचा निःश्वास टाकते. सीबीएसईने २०१५मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितलं होतं. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांतही समित्यांची काही वाण नाही. एकेका शिक्षकाच्या नावावर चार-चार समित्या आहेत. कृपा करून पाचवी नेमू नका.

मग करायचं काय? फिनलंडने जे केलं ते मला आपल्या आवाक्यातलं वाटतं. तिथे शिक्षण मंत्रालयाने पैसा दिला, तुर्कू विद्यापीठाने 'किवा' नावाचा कार्यक्रम बांधला, २००७ ते २००९ तो शाळांत तपासून घेतला आणि मगच देशभर नेला. आधी तपासणी आणि मग आदेश, हा क्रमसुद्धा आपण एकदा करून बघावा. त्या कार्यक्रमात वर्षभर वर्गात तास होतात आणि ते सगळ्या वर्गासाठी असतात. प्रसंग घडला की शिक्षक आधी त्रास झालेल्या मुलाशी एकांतात बोलतात, मग त्रास देणाऱ्यांशी एकेक करून. दोघांना समोरासमोर उभं करत नाहीत. आणि मग वर्गातली वजन असलेली दोन-चार मुलं बोलावून त्यांना सांगतात की याला सोबत करा, डबा खायला याला बरोबर घ्या. मध्ये पडून मारामारी करायला कुणी सांगत नाही. चौघांनी शेजारी बसणं पुरतं. मधल्या सुट्टीत पाळीवरचे शिक्षक लांबून दिसेल असं भडक रंगाचं जॅकेट घालून मैदानात फिरतात. आपल्याकडे रस्त्यावरचे वाहतूक पोलीस घालतात तसलंच.

केंब्रिजच्या मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११मध्ये जगभरातल्या अशा ४४ उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. छळ सरासरी पाचव्या हिश्श्याने कमी झाला होता. हा आकडा ऐकून कुणी नाक मुरडू नये. आपल्या राज्यात एक लाखाहून जास्त शाळा आहेत, त्यांत पाचवा हिस्सा म्हणजे किती मुलं होतील याचा हिशोब गणिताचे शिक्षक करतील. टोफी आणि फॅरिंग्टन यांना आणखी दोन गोष्टी आढळल्या. मैदानावर मोठ्या माणसांची नीट देखरेख आणि पालकांच्या बैठका, जिथे होत्या तिथे फरक जास्त पडला. आणि छळ मिटवण्याचं काम मुलांवरच सोपवलं, मुलांनाच पंच नेमलं, तिथे उलट त्रास वाढल्याचं दिसलं. 'बाल पंचायत' वगैरे नावं ऐकायला गोड वाटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मी भूगोलाची शिक्षिका. नकाशावाचनाच्या धड्याला मी मुलांना शाळेच्या आवाराचा नकाशा काढायला लावत असे. दिशा, प्रमाण, सांकेतिक खुणा सगळं त्यात यायचं. पुढे त्यात एक सूचना वाढवली: जिथे जायला नको वाटतं ती जागा लाल रंगवा, नाव लिहू नका. नकाशांचा गठ्ठा समोर ठेवला की शाळा वेगळीच दिसायची. मुख्य मैदान बहुतेकांनी कोरं सोडलेलं. मुताऱ्यांची भिंत लाल, पाण्याच्या टाकीमागची बोळकांडी लाल, दुसऱ्या मजल्याचा जिना वळतो तो कोपरा लाल. काहींनी कागदाच्या कडेला, शाळेच्या हद्दीबाहेर, एक चौकोन काढून तो लाल केलेला: रिक्षा. दहा मुलं कोंबलेल्या त्या रिक्षात रिक्षावाले काका पुढे बघत असतात आणि मागे रोज अर्धा तास काय चालतं ते त्यांना ठाऊक नसतं. एका मुलीने कुठलीच जागा रंगवली नव्हती. तिने कोपऱ्यात मोबाइल काढून तो लाल केला होता. सीसीटीव्ही कुठे लावले होते म्हणाल, तर प्रवेशद्वारावर आणि कार्यालयात.

मोबाइलबद्दल थोडंसं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आता पाचवीपासून असतो. मुलाचा तोंड वेडंवाकडं झालेला फोटो काढून त्याचं स्टिकर बनवतात. ते स्टिकर एका रात्रीत चार तुकड्यांत फिरतं आणि वर्षभर फिरत राहतं. पूर्वी छळ शाळा सुटल्यावर सुटायचा, आता तो उशाशी येऊन झोपतो. पण शाळांतला माझा अनुभव असा की मोबाइलवर ज्याचा छळ होतो, त्याचा वर्गातही होतच असतो. फोन जप्त केला की प्रश्न मिटला, असं समजून कुणी स्वस्थ बसू नये.

माझ्या मागण्या फार नाहीत. वर्षातून दोनदा, सहामाहीच्या आधी आणि फेब्रुवारीत, चौथीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला एक पानाची, नाव नसलेली प्रश्नावली द्यावी. ती वर्गशिक्षकाने जमा करू नये. दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाने करावी, कारण अक्षर ओळखता येतं. तिचे निष्कर्ष शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवावेत. त्या समितीत पाऊण सदस्य पालक असतात, आणि आज त्यांच्या वाट्याला खिचडीची चव बघण्यापलीकडे फारसं काम नसतं. मधल्या सुट्टीची देखरेख वेळापत्रकात तासिका म्हणून धरावी. हे सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या शिक्षकांना मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि उरलेल्या वेळात स्वतःचा डबा असं तिहेरी काम असतं. त्यात 'मुलांकडेही बघा' हे तोंडी सांगून कुणी बघत नाही. मोजलं गेलं तरच ते काम ठरतं. आश्रमशाळा आणि वसतिगृहांत तर सुट्टी संध्याकाळपासून सकाळपर्यंत असते. त्या शाळा दुसऱ्या खात्याकडे आहेत, तरी तिथला विचार वेगळा आणि आधी करावा लागेल. शिष्यवृत्तीची माहिती भर वर्गात विचारण्यावर लेखी बंदी घालावी. आणि बी.एड., डी.एल.एड.च्या सराव पाठांत एक पाठ मधल्या सुट्टीचा असावा: छात्राध्यापकाने मैदानाच्या कडेला उभं राहून नुसतं बघायचं आणि जे पाहिलं ते लिहायचं.

शिक्षकांवर आणखी एक ओझं, असं माझेच सहकारी म्हणतील. त्यांचं चुकत नाही. निवडणुका, सर्वेक्षणं आणि ॲपवरच्या नोंदी यांतून त्यांना थोडं मोकळं केलंत, तर त्यांची तक्रार राहणार नाही. समुपदेशक नेमता आले तर उत्तमच. ते येईपर्यंत थांबून राहणं मात्र परवडणारं नाही. युनेस्कोने २०१९मध्ये अनेक देशांच्या पाहण्या एकत्र करून सांगितलं की जगातल्या जवळपास दर तीन विद्यार्थ्यांमागे एकाला महिनाभरात एकदा तरी सोबत्यांकडून त्रास झालेला असतो. आपल्या मुलांचं रक्त काही वेगळं नाही.

पालकांना या पत्रातून एकच सांगते, कारण आपल्या मार्फत ते त्यांच्यापर्यंत पोहोचेल. मूल काही सांगू लागलं तर मध्ये बोलू नका, सल्ला देऊ नका आणि त्या दुसऱ्या मुलाच्या घरी भांडायला धावू नका. कधी, कुठे, कोण कोण होतं, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन शाळेत जा. शाळा टाळाटाळ करू लागली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि आपलंच मूल म्होरक्या आहे असं शाळेने सांगितलं, तर 'आमचा असा नाहीच' हे वाक्य निदान एक दिवस तरी तोंडातून काढू नका.

शेवटची विनंती, आणि ती फक्त आपणच पुरी करू शकता. आपण प्रश्नावली लागू केलीत तर पहिल्या वर्षी आकडे भराभरा वाढतील. वर्तमानपत्रं मथळे देतील, विधानसभेत तारांकित प्रश्न येईल, आणि खालचा प्रत्येक अधिकारी आकडा कमी करून दाखवण्याच्या मागे लागेल. ज्या शाळेचा आकडा सर्वांत मोठा येईल, तिने मुलांना खरं बोलू दिलेलं असण्याची शक्यताही तितकीच मोठी असेल. त्या वर्षी एकाही मुख्याध्यापकाला कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, असं परिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका